इंजिन ऑईल बदलणे : पान्यापासून पावतीपर्यंत

मोटारीच्या देखभालीत इंजिन ऑईल बदलण्याइतके जुने आणि सर्वांना ठाऊक असलेले काम दुसरे नसेल. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरचा बोल्ट सोडायचा, काळे तेल भांड्यात गळू द्यायचे, फिल्टर बदलायचा, बोल्ट पुन्हा आवळायचा आणि वरून नवे तेल ओतायचे, एवढाच त्याचा विधी. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात हे काम घराच्या अंगणातही होत असे. आज त्याच कामासाठी बहुतेक वाहनधारक सर्व्हिस सेंटरची वेळ घेतात, गाडी सोपवतात आणि संध्याकाळी बिलासह ती परत घेतात. बॉनेट उघडण्याचा प्रसंगही अनेकांवर वर्षानुवर्षे येत नाही. नव्या गाड्यांचे ऑईल बदलणे खरोखरच अवघड झाले आहे की केवळ तसा समज रूढ झाला आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

गोव्याच्या दृष्टीने तो किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे आणि हे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तरीही या प्रश्नाच्या सर्व बाजू एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर त्यासाठी हैदराबादसारखे शहर अधिक उपयोगी पडते. जुन्या वळणाचे मेकॅनिक, नव्या बनावटीच्या गाड्या, कडक उन्हाळा, तुंबलेली वाहतूक आणि आधीच प्रदूषणाने ग्रासलेले जलस्रोत अशा सगळ्या गोष्टी तेथे शेजारीशेजारी नांदतात.

दुरुस्तीची परंपरा असलेले शहर

हैदराबादचा यंत्रवाहनांशी असलेला संबंध जुना आहे. निजामाच्या रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी प्रवासी सेवा सुरू केली, तेव्हापासून गाड्या चालवणे आणि त्या चालत्या ठेवणे हा या शहरातील मोठ्या वर्गाचा व्यवसाय झाला. हुसेनसागराजवळ सिकंदराबादचा राणीगंज भाग सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. विजयवाडा महामार्गावरील ऑटोनगर तर नावाप्रमाणेच मोटारदुरुस्तीसाठी ओळखले जाते. फिल्टर, वॉशर, गॅस्केट, तेलाचे डबे आणि ते बदलून देणारे हात या बाजारांच्या आधाराने टिकून आहेत.

याच शहराचा दुसरा चेहरा माधापूर, हायटेक सिटी आणि गच्चीबावली या भागांत दिसतो. तेथे राहणारा तरुण नोकरदार बहुमजली इमारतीत घर घेतो आणि त्याची गाडी तळघरात उभी राहते. या तळघराला हैदराबादेत सर्रास ‘सेलार’ म्हणतात. तेथे गाडीखाली शिरायला जागा नसते, तेलाचे भांडे ठेवायला कोपरा नसतो आणि फरशीवर एक थेंब सांडला तरी सोसायटीची तक्रार येते. त्यामुळे ऑईल बदलण्यातला पहिला अडथळा गाडीत नसून घरात आहे, असे म्हणावे लागते. पणजी, मडगाव आणि पर्वरीतील नव्या इमारतींत राहणाऱ्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

तेलाचे काम

इंजिनातील तेल केवळ वंगण नसते. धातूचे भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून ते त्यांच्यामध्ये पातळ थर धरते. पिस्टनच्या आसपासची उष्णता ते वाहून नेते, ज्वलनातून निर्माण झालेली काजळी आणि आम्ल आपल्यात सामावून घेते, तसेच गंज रोखते. त्यासाठी मूळ तेलात अनेक रसायने मिसळलेली असतात. कालांतराने ही रसायने खर्ची पडतात, उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होते आणि इंधन व पाण्याचा अंश त्यात मिसळतो.

तेल काळे दिसले म्हणजे ते निकामी झाले, हा समज मात्र बरोबर नाही. काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. डिझेल इंजिनात नवे तेल थोडक्याच दिवसांत काळे होते. तेल बदलण्याची वेळ रंगावरून ठरत नाही. ती धाव आणि काळ यांवरून ठरते. वेळेवर न बदललेले तेल घट्ट होऊन चिखलासारखे साचते, त्याचे बारीक मार्ग तुंबतात आणि टर्बोचार्जरसारखे नाजूक भाग आधी जातात. काही हजारांची सर्व्हिस टाळण्याची किंमत मग लाखाच्या घरात जाऊ शकते.

हाताच्या कामात काय बदलले

यांत्रिकदृष्ट्या पाहिले तर आजच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांचे ऑईल बदलण्याची कृती चाळीस वर्षांपूर्वीचीच आहे. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या मेकॅनिकला आजची छोटी हॅचबॅक दिली, तर तो अर्ध्या तासात काम उरकेल. या गाड्यांत साधारण तीन ते चार लिटर तेल मावते, तर मोठ्या डिझेल एसयूव्हींना पाच ते सात लिटर लागते. फरक आहे तो तेलापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत.

इंजिनाखाली आता प्लास्टिकचे मोठे आवरण असते. हवेचा विरोध आणि आवाज कमी करणे व चिखलापासून संरक्षण देणे हे त्याचे काम. ते काढताना अनेक क्लिपा सोडवाव्या लागतात आणि त्या जुन्या झाल्या की तुटतात. ऑईल फिल्टर पूर्वी पत्र्याच्या डब्याच्या रूपात येई आणि हाताने फिरवून काढता येई. आता बऱ्याच इंजिनांत प्लास्टिकच्या झाकणाखाली कागदी फिल्टर बसवलेला असतो. ते झाकण काढण्यासाठी नेमक्या मापाचा खास पाना लागतो, नाहीतर झाकणाला तडा जातो. काही इंजिनांत हा फिल्टर वरच्या बाजूस, हाताशी येईल असा असतो. काहींत मात्र तो गरम एक्झॉस्टच्या मागे दडलेला असतो. ऑईल बदलणे सोपे की अवघड, हे पुष्कळदा गाडी नवी की जुनी यापेक्षा फिल्टर कोठे बसवला आहे यावर ठरते.

चेंबर आता अनेकदा ॲल्युमिनियमचे असते. त्यात पोलादी बोल्ट अंगातले बळ लावून आवळला तर आटे जातात आणि पूर्ण चेंबर बदलण्याची पाळी येते. म्हणून उत्पादकाने ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळण्याचा पाना वापरणे आणि प्रत्येक वेळी नवा वॉशर घालणे, ही चैन नसून गरज आहे. काही महागड्या जर्मन गाड्यांत तर तेलाची पातळी पाहण्याची डिपस्टिकच नसते. पातळी सेन्सर मोजतो आणि पडद्यावर दाखवतो. काही कार्यशाळा तळाचा बोल्ट न सोडता डिपस्टिकच्या नळीतून पंपाने तेल वर ओढून घेतात. शेवटी डॅशबोर्डवरील सर्व्हिसची सूचनाही शून्यावर आणावी लागते. काही गाड्यांत ती बटणे दाबून होते, तर काहींना निदान यंत्र जोडावे लागते.

घरी काम करणाऱ्याने एक नियम मोडता कामा नये. केवळ गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. तो जॅक चाक बदलण्यासाठी असतो, माणसाचा भार त्याच्या भरवशावर टाकण्यासाठी नव्हे. सपाट जागा, पक्के स्टँड आणि चाकांना अटकाव या तीन गोष्टी नसतील, तर काम मेकॅनिकवर सोपवणेच शहाणपणाचे.

डब्यावरच्या अंकांचा अर्थ

हाताच्या कामापेक्षा अधिक अवघड झाली आहे ती तेलाची निवड. पूर्वी २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० असे एखाददुसरे तेल बहुतेक गाड्यांना चालत असे. आज ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशा अनेक श्रेणी दुकानात दिसतात. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आहे. त्यापूर्वीचा अंक थंडीत तेल किती सहज वाहते हे दर्शवतो आणि नंतरचा अंक इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहते हे सांगतो.

हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. ‘इतक्या उन्हात पातळ तेल टिकणार नाही, जाडच घाला’ हा सल्ला त्यामुळे सहज पटतो. परंतु चालू इंजिनातील तेलाचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा खूपच अधिक, सुमारे १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि इंजिनाची शीतनव्यवस्था ते आटोक्यात ठेवते. बाहेर २५ अंश आहेत की ४२, याने आतला फरक समजुतीपेक्षा पुष्कळ कमी पडतो. आधुनिक इंजिनातील फटी आणि तेलाचे मार्ग पातळ तेल गृहीत धरूनच आखलेले असतात. इंधन कमी जाळण्याचे बंधन हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. भारतात २०१७-१८ पासून मोटार उत्पादकांवर सरासरी इंधनवापराची मर्यादा लागू झाली आणि २०२२-२३ पासून ती आणखी कडक झाली. अशा इंजिनात जाड तेल घातले तर ते दूरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, इंधन अधिक जळते आणि ज्यांच्या हालचाली तेलाच्या दाबावर चालतात ते भाग नीट काम करत नाहीत. वाहनपुस्तिकेत तापमानानुसार पर्यायी श्रेणी दिली असेल तर ती वापरावी. पुस्तिकेबाहेरचा सल्ला कितीही अनुभवी माणसाचा असला, तरी तो मागच्या पिढीच्या इंजिनाबद्दल असण्याची शक्यता अधिक.

श्रेणीखेरीज दर्जाही पाहावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी आली. साध्या तेलातील काही रसायने जळून राख होते आणि ती राख या गाळणीत कायमची अडकते. म्हणून अशा गाड्यांना कमी राख करणारे विशेष तेलच लागते. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असतो. इकोस्पोर्टसोबत भारतात आलेले फोर्डचे एक लिटरचे इकोबूस्ट इंजिन हे त्याचे उदाहरण. तेथे चुकीच्या तेलाने पट्टा झिजतो आणि त्याचे तुकडे तेलाचा मार्ग अडवतात. दोन डब्यांवर एकच अंक असला म्हणून आतले तेल सारखे असते, असे नाही.

दहा हजार किलोमीटर कोणासाठी?

भारतातील बहुतेक मोटारींना १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑईल बदलावे असे सांगितले जाते. मात्र त्याच पुस्तिकेत सहसा ‘खडतर वापर’ असा एक वेगळा तक्ता असतो आणि तो फारसा कोणी वाचत नाही. सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक, छोटी अंतरे, धूळ, चढ-उतार आणि अवजड भार यांची गणना खडतर वापरात होते. अशा वेळी तेल लवकर बदलावे, अशी उत्पादकाचीच सूचना असते.

हायटेक सिटीच्या चौकात सकाळी अडकलेली गाडी अर्ध्या तासात चार किलोमीटर जाते. ओडोमीटर चार किलोमीटर दाखवतो, पण इंजिन अर्धा तास चाललेले असते. शहराभोवतीच्या १५८ किलोमीटरच्या बाह्य वर्तुळमार्गावर तेवढ्याच वेळात गाडी दहापट अंतर कापू शकते. दोन्ही गाड्यांचा किलोमीटरचा हिशेब एकच ठेवणे म्हणूनच फसवे ठरते. डिझेल गाडीत आणखी एक गोष्ट घडते. गाळणीतील काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा इंधन सोडते. छोट्या फेऱ्यांमुळे ही क्रिया अर्धवट राहिली, तर त्या इंधनाचा काही भाग तेलात उतरतो. डिपस्टिकवर तेलाची पातळी कमी न होता वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ते तेल पातळ झाल्याचे लक्षण आहे.

गोव्यात अंतरे कमी आहेत. घर ते बाजार आणि बाजार ते घर अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही आणि पावसाळ्याच्या दमट हवेत आत साचलेला पाण्याचा अंश उडून जात नाही. वर्षाकाठी चार हजार किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचेही ऑईल वर्षातून एकदा बदलावे, असे सांगितले जाते ते याचमुळे.

वॉरंटी आणि वाहनधारकाचा हक्क

पाना हाताशी आहे आणि योग्य तेलही मिळाले, तरी अनेकांचा हात एका भीतीने थांबतो. बाहेर काम करून घेतले तर वॉरंटी जाईल, ही ती भीती. राणीगंजच्या दुकानदाराचा आणि गल्लीतल्या मेकॅनिकचा व्यवसाय या भीतीमुळे जेवढा आटतो, तेवढा तो तंत्रज्ञानामुळे आटत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी या विषयावर महत्त्वाचा आदेश दिला. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात आयोगाने १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदान उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. स्वतंत्र मेकॅनिककडे काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आदेशात म्हटले होते. सदोष दुरुस्तीमुळे जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असे त्यामागचे तत्त्व होते. या आदेशाविरुद्ध अपिले झाली. २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांच्या बाबतीत निष्कर्ष कायम ठेवून दंड मोजण्याची रीत बदलली आणि वाद पुढे गेला. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत मोटारीही होत्या. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, या विषयाचे संकेतस्थळही सुरू झाले.

तत्त्व वाहनधारकाच्या बाजूचे असले, तरी ते सिद्ध करण्याचा भार व्यवहारात त्याच्यावरच येतो. म्हणून बाहेर ऑईल बदलणाऱ्याने तेलाची आणि फिल्टरची पावती, तारीख, किलोमीटर आणि तेलाची नेमकी श्रेणी यांची नोंद जपली पाहिजे. वॉरंटीच्या काळात मूळ अटी नीट वाचणे आवश्यक आहे. ती मुदत संपल्यावर मात्र विश्वासू मेकॅनिककडे जाण्यास कचरण्याचे काहीच कारण उरत नाही.

काळे तेल जाते कोठे?

या सगळ्यात सर्वांत कमी बोलले जाते ते निघालेल्या तेलाविषयी. जळके ऑईल बांधकामाच्या फळ्यांना चोपडले जाते, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावले जाते, भट्टीत जाळले जाते आणि काही वेळा सरळ गटारात ओतले जाते. एका मोटारीतून एका वेळी निघालेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. त्यात इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूंचे कण आणि ज्वलनातून तयार झालेली घातक संयुगे असतात.

हैदराबादला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. पुरापासून संरक्षण आणि पिण्याचे पाणी अशी दुहेरी सोय त्यांनी केली. तीच मुसी आज शहराचे सांडपाणी वाहून पुढे कृष्णेला मिळते. शहराखालचा ग्रॅनाइट भेगाळलेला आहे आणि भूजल त्या भेगांतच साठते. भेगेत उतरलेले तेल परत काढता येत नाही. गोव्यात ग्रॅनाइटच्या जागी जांभा खडक आहे. तो तर अधिकच सच्छिद्र. अंगणात सांडलेल्या तेलाची वाट येथे विहिरीपर्यंत पोहोचते.

कायद्यात यावर तरतूद आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जाणे अपेक्षित आहे. १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी आली असून विकलेल्या तेलाच्या ठरावीक हिश्श्याएवढ्या तेलावर पुनर्प्रक्रिया होईल, याची हमी त्यांना द्यावी लागते. हा हिस्सा ५ टक्क्यांपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत वाढणार आहे. यात आर्थिक शहाणपणही आहे. एक गॅलन वापरलेल्या तेलातून जेवढे वंगण पुन्हा मिळते, तेवढे नव्याने मिळवण्यासाठी ४२ गॅलन कच्चे तेल लागते. पण ही साखळी सुरू होते ती गॅरेजच्या पिंपापासून. अंगणात ऑईल बदलणाऱ्याने जुने तेल त्याच डब्यात भरून, पाणी किंवा पेट्रोल न मिसळता, ते गोळा करणाऱ्या गॅरेजला दिले नाही, तर नियम कागदावरच राहतो. रिकामा डबा भोक पाडून टाकणेही तितकेच आवश्यक. तो आहे तसा भंगारात गेला, तर त्यात बनावट तेल भरून तो पुन्हा दुकानात येऊ शकतो.

उरलेला काळ

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या शर्यतीच्या मोटारींची फॉर्म्युला ई स्पर्धा झाली. देशातील ती अशी पहिलीच स्पर्धा. त्या मोटारींत इंजिन ऑईल नव्हते. विजेच्या घरगुती मोटारींतही ते नसते. गिअरमधील तेल, ब्रेक ऑईल आणि शीतक यांची निगा तेवढी राखावी लागते. मात्र आज रस्त्यावर धावणाऱ्या पेट्रोल आणि डिझेल गाड्या पुढची दहा-पंधरा वर्षे धावणार आहेत आणि तोवर हे काम संपणार नाही.

ते अवघड झाले आहे का, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच दुहेरी आहे. पाना फिरवणे फारसे अवघड झालेले नाही. योग्य तेल ओळखणे, आपल्या वापराचा खरा हिशेब ठेवणे, पावती जपणे आणि काळ्या तेलाची विल्हेवाट लावणे ही कामे मात्र वाढली आहेत. यांपैकी एकाही कामाला गाडीखाली शिरावे लागत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देणाऱ्यालाही ती करता येतात. कोणत्या श्रेणीचे तेल घातले आणि जुने कोठे गेले, हे दोन प्रश्न विचारले तरी सुरुवात होईल.